सुझोऊतली वांगी

सुटीत यावलला आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "तिकडे खाण्याचे हाल होत असतील ना गं?" नाही होत. चीनमधल्या सुझोऊ शहरात मी इंटर्नशिप करते, तिथल्या गल्लीत रात्री निखाऱ्यांवर वांगी भाजतात. लांबट, जांभळी. साल काळी पडून गर मऊ झाला की उभी चीर देऊन उघडतात, वर मूठभर ठेचलेला लसूण, लाल मिरची, कांद्याची पात, आणि पुन्हा निखाऱ्यावर. काही जण खिमाही घालतात. मी शाकाहारी, म्हणून आधीच सांगून ठेवते. आपल्या भरिताला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जो धुरकट वास येतो, तो यात नाही, शेंगदाणेही नाहीत. पण लसणाला ते हात आखडत नाहीत. मला ते फार आवडतं.

ऑफिसात जेवणं झाली की दिवे मालवतात, घडीच्या खाटा उघडतात आणि मॅनेजरसुद्धा झोपतात. वैशाखात आपल्याकडेही दुपारी सगळे आडवे होतात. त्याला आळस म्हणणं मला कधीच पटलं नाही.

उन्हाळ्यातही तिथे गरम पाणीच पितात. रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. आजी म्हणाली, "शहाणी माणसं आहेत."

आईला मात्र चौकातला व्हिडिओ आवडला. संध्याकाळी साठीच्या बायका स्पीकर लावून, रांगा करून नाचतात. तिने लगेच विचारलं, "मग स्वयंपाक?" बऱ्याच जणी लवकर जेवण उरकून येतात, आणि नातवंडंही सोबत आणतात.