फायटर्सचे आकडे आणि त्यांची तुलना

दोन फायटर्सची तुलना निघाली की लोक लगेच आकडे फेकायला लागतात, याचा पंच इतका, त्याचा व्हीओटू मॅक्स (जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा) तितका, आणि मग नुसती भांडणं. मला स्पोर्ट्स सायन्स मनापासून आवडतं म्हणूनच हे सांगावंसं वाटतं, टेस्ट कुठली आणि कशी घेतली हे माहीत नसेल तर तो आकडा काही कामाचा नाही.

पंचचंच घ्या ना. २०१७ मध्ये लास वेगासला यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या कंपनीच्या परफॉर्मन्स इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्सिस एन्गानू या हेवीवेट फायटरने पंच मारला त्याचा स्कोअर आला १,२९,१६१, आणि लोक अजूनही तो आकडा पाउंड म्हणून सांगत फिरतात. अहो तो त्या मशीनचा स्वतःचा स्कोअर आहे, ना पाउंड ना न्यूटन (जोर मोजायचं एकक)! १९८५ च्या अभ्यासात फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेट बॉक्सरचा पंच भरला ४०९६ न्यूटन, आणि २००० च्या एका अभ्यासात दुसऱ्याच यंत्रावर एलिट बॉक्सर्सचा मागच्या हाताचा सरासरी पंच ४८०० न्यूटन आला. मग काय, ते सगळे ब्रुनोपेक्षा जोरात मारत होते? असं नाही म्हणता येत. टार्गेट किती मऊ, ग्लोव्ह कुठला, सेन्सर कसा बसवलाय, यावर आकडा बदलतो. पण त्याच दुसऱ्या यंत्रावर नवशिक्यांचा पंच २३८१ आला होता, ही तुलना मात्र खरी, कारण यंत्र एक, पद्धत एक.

वजनाचंही तेच. मोठ्या माणसाचा जोर जास्त येणारच, त्यामुळे वजनाच्या हिशोबात बघितल्याशिवाय हलक्या गटातल्या फायटरवर अन्याय होतो. आणि सायकलवरची विंगेट टेस्ट, म्हणजे ३० सेकंद जीव तोडून पेडल मारायचं, ती पायांची ताकद सांगते, पैलवानाला ओढाताणीत हात आणि खांदे लागतात, त्याची विंगेट हातांनी फिरवायच्या पेडलवरही घ्यायला हवी.

मला सगळ्यात आवडते ती जुदोची स्पेशल फिटनेस टेस्ट. वजनाने साधारण सारखे दोन पार्टनर एकमेकांपासून ६ मीटरवर उभे, खेळाडू मधोमध, आणि तो पळत जाऊन आळीपाळीने दोघांना इप्पोन सेओई नागेने (खांद्यावरून फेकायचा जुदोचा डाव) फेकतो, आधी १५ सेकंद, १० सेकंद थांबून ३० सेकंद, परत १० थांबून ३०. संपल्यावर लगेच हार्ट रेट बघायचा, मिनिटभराने परत बघायचा, दोन्हींची बेरीज करून एकूण थ्रोजनी भागायचं. समजा १८० आणि १५०, थ्रो २५, तर इंडेक्स १३.२. दुसऱ्याचे ठोके तेवढेच पण थ्रो २७, तर १२.२, म्हणजे हा जास्त फिट, कारण इथे आकडा जितका कमी तितकं चांगलं. किती साधं आहे बघा, मॅट, स्टॉपवॉच आणि हार्ट रेट मॉनिटर, बस. दम किती आणि तो किती लवकर परत येतो, दोन्ही त्याच खेळाच्या हालचालीत कळतं, ट्रेडमिलवर हे कसं कळणार?

कमी एकच, पार्टनर विरोध करत नाही, त्यामुळे पकडीची झटापट यात येतच नाही. त्यासाठी जुदोगी (जुदोचा जाड पोशाख) बारवर टाकून तिला धरून लटकायची टेस्ट आहे, हात सुटेपर्यंतचा वेळ मोजायचा. हँडग्रिप डायनामोमीटर (पकडीचा जोर मोजायचं यंत्र) एकदा जोरात दाबून जे कळत नाही ते इथे कळतं, पकड किती वेळ टिकते ते. जुदो खेळाडूंची तुलना करायचीच असेल तर या दोन टेस्ट एकाच दिवशी, मध्ये भरपूर विश्रांती देऊन घ्या आणि मग बोला.