उंची वाढवली आणि चाक आधीपेक्षा लवकर अधांतरी झाले: माझा अनुभव

माझी पिकअप 2018 सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे (एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), अशी तिची मूळ रचना. ताम्हिणीच्या वाटेवर मुळशीच्या पुढे एका कच्च्या रस्त्याला पावसाच्या पाण्याने कापलेला चर आहे आणि तो तिरकाच ओलांडावा लागतो. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी वर चढते, उरलेली दोन खाली लोंबतात आणि गाडीचे पोट कडेच्या दगडाला घासते. पोट घासते म्हणजे गाडी उंच करायला हवी, हा माझा तेव्हाचा सरळ हिशेब होता.

त्यानुसार पुढे स्प्रिंग आणि तिची वरची बैठक यांच्यामध्ये 30 मि.मी. जाडीची चकती घातली. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक यांचा जोड, खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असल्यामुळे ही 30 मि.मी. चाकापाशी जवळजवळ दुप्पट होतात, म्हणजे गाडी पुढून सुमारे 60 मि.मी. उचलली गेली. मागे प्रत्येक बाजूच्या संचात एक जाड पाटा वाढवला आणि तिथे 50 मि.मी. मिळाले. टायर मात्र मूळ मापाचेच ठेवले, कारण नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये बसत नाहीत आणि मला त्या वाटेला जायचे नव्हते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी देखणी दिसत होती, हे कबूल करतो.

पहिली शंका सातारा रस्त्यावर आली. गतिरोधकावरून उतरताना पुढून 'खट्' असा कोरडा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी थोडी भरकटू लागली. भरकटण्याचे कारण अलाइनमेंटच्या वेळी समजले: पुढची बाजू उचलल्यावर कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला आणि गाडी सरळ ठेवणारा कोन, कमी झाला होता. खट् आवाजाचा उलगडा मात्र महिनाभराने झाला, जेव्हा त्याच चरात पोट घासले नाही खरे, पण मागचे डावे चाक पूर्वीपेक्षा लवकर हवेत लटकले आणि तिथेच फिरत राहिले. या गाडीला मागे डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारी सोय, नाही. ज्या चाकाखाली जमीन नाही तेच फिरते आणि ज्याला पकड आहे ते गप्प बसते. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधावा लागला.

त्यानंतर मी प्रथमच मोजपट्टी घेतली, जी खरे तर पैसे खर्च करण्याआधी घ्यायला हवी होती. पुढची स्प्रिंग काढून, आर्मखाली ट्रॉली जॅक लावून चाक अगदी वरपासून अगदी खालपर्यंत नेले आणि चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर टिपत गेलो. चाकाचा वर-खाली एकूण प्रवास भरला सुमारे 190 मि.मी. मूळ उंचीला त्यातले 105 वर जाण्यासाठी आणि 85 खाली उतरण्यासाठी होते. चकतीमुळे हा एकूण प्रवास एका मि.मी.ने वाढला नव्हता, कारण स्ट्रटची लांबी तीच राहिली होती. वाढली होती फक्त गाडीची बसण्याची जागा. 60 मि.मी. उचलल्यावर वर जायला 165 आणि खाली उतरायला जेमतेम 25 उरले. खड्ड्यात उतरणाऱ्या चाकासाठी 25 मि.मी. म्हणजे काहीच नाही, आणि तो 'खट्' म्हणजे स्ट्रट पूर्ण ताणून अडकल्याचा आवाज होता.

मागच्या बाजूचा दोष वेगळा होता आणि तो मला निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कमानपाट्यांचे काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी दाखवला. त्यांनी आधी हौद्यात डोकावून पाहिले, मग विचारले, "साहेब, ही गाडी भरून चालवता का रिकामी?" मी म्हणालो, रिकामीच, फार तर तंबू आणि पाण्याचे कॅन. त्यावर ते म्हणाले, "मग हा पाटा कुणासाठी घातला?"

त्यांच्या प्रश्नातले गणित असे. रिकाम्या गाडीत एका मागच्या चाकावर पाट्यांमार्फत समजा 300 किलो भार आहे आणि पाटे दर मि.मी.ला 3 किलो या हिशेबाने दबतात, तर ते चाक 100 मि.मी. खाली उतरेपर्यंत जमिनीवर काही ना काही भार टाकत राहते. जाड पाट्याने तोच दर साडेचार किलो केला, तर 67 मि.मी. उतरताच भार संपतो आणि चाक केवळ टेकल्यासारखे दिसते. मालवाहतूक करणाऱ्याला हा कडकपणा हवाच असतो. मला तो फुकटचा भार झाला होता.

मिस्त्रींनी जाड पाटा काढला, मूळ पाट्यांना थोडा बाक दिला आणि जाड पाट्याच्या जागी एक पातळ, लांब पाटा घातला. संच खोलल्यावर पाट्यांच्या टोकांशी गंजाने पडलेल्या खाचा बोटाला लागत होत्या. एक पाटा दुसऱ्यावर सरकायच्या ऐवजी तिथे अडत होता. त्या घासून काढल्या, ग्रॅफाइट ग्रीस लावले आणि शॅकलचा, म्हणजे पाट्याचे टोक चौकटीला जोडणाऱ्या हलत्या कडीचा, कोन पाहिला, कारण पाटा सपाट होताना लांब होतो आणि शॅकलला मागे झुकायला जागा लागते. मागची उंची आता मूळपेक्षा 30 मि.मी. जास्त आहे.

पुढे चकती फेकून दिली. 35 मि.मी. उंची देणारी स्प्रिंग आणि पूर्ण ताणल्यावर मूळपेक्षा 10 मि.मी. लांब भरणारा शॉक घेतला. त्यामुळे चाकापाशी प्रवास 20 मि.मी.ने वाढून 210 झाला: वर 140, खाली 70. वरच्या बॉल जॉइंटचा कोन, सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचे) रबरी बूट आणि ब्रेकची नळी या तिन्ही गोष्टी चाक पूर्ण लोंबलेले असताना एकेक करून तपासल्या. मागची ब्रेकनळी ताणली जात होती, म्हणून तिचा ब्रॅकेट खाली घेतला. यात अर्धा दिवस गेला आणि तो जाणे योग्यच होते.

फरक खरोखर किती पडला हे भोसरी एमआयडीसीतील मित्राच्या कारखान्यात रविवारी पाहिले. फोर्कलिफ्टने पुढचे डावे चाक हळूहळू उचलायचे आणि त्याच बाजूचे मागचे चाक जमिनीवरून सुटेपर्यंतची उंची मोजायची. जुनी जोडणी काढण्याआधी ही उंची 380 मि.मी. आली होती, नवीन जोडणीने 495 आली. 20 अंशांच्या उतारावर तेवढी उंची गाठायला चाक तिरके किती अंतर चढते, त्या अंतराला व्हीलबेसने (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराने), म्हणजे इथे 3095 मि.मी.ने भागून 1000 ने गुणले की जो आकडा येतो, त्या भाषेत 359 वरून 468. पुढच्या स्टॅबिलायझर बारच्या (दोन्ही चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडल्यावर 560 मि.मी., म्हणजे 529. लिंक मी चराच्या तोंडाशी सोडतो आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत बसवतो. त्या सुट्या ठेवून घाटातल्या वळणावर गाडी नेणे म्हणजे ती आपल्या हाताने कलंडवण्यासारखे आहे.

चराच्या कडेचा तो दगड आताही कधी कधी पोटाला हलका लागतो. मागचे चाक मात्र टेकलेले राहते आणि गाडी धूळ न उडवता बाहेर येते. तक्रार एकच उरली आहे. हौद्यात सामान आणि मागे दोन माणसे बसली की मागची बाजू 25 मि.मी. खाली बसते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून निघताना दिव्यांची चकरी एक घर खाली फिरवावी लागते.