कोकणात जुनी जिप्सी घेताना: आधी चॅसिस, मग इंजिन

सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) कलमांच्या बागेपर्यंत बारा महिने जाणारी गाडी, एवढीच गरज होती. वाटेत कातळ, मग एक पऱ्या (ओढा) आणि शेवटी दोन गडग्यांमधली जांभ्याची उभी चढण. जून सरत आला की तिच्यावर शेवाळ धरतं. आजच्या कुठल्याही फोर बाय फोरला ही चढण जड नाही. पण ऑगस्टमध्ये वर बागेत गाडी बंद पडली तर तिला हात कोण लावणार, हा प्रश्न विचारला की यादी झपाट्याने लहान होते. नव्या गाडीत चाकाचाकाला सेन्सर. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर असलेलं वर्कशॉप सापडायला जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं. पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), क्रॉस (शाफ्टचे सांधे), व्हील बेअरिंग, क्लच प्लेट मात्र तालुक्याचा फिटर दुपारपर्यंत बदलून देतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे हा फरक मोठा आहे.

जुन्यांत तीन पर्याय पाहिले. महिंद्राची एमएम ५४०: प्यूजो जातीचं २११२ सीसीचं डिझेल, इलेक्ट्रॉनिक्स शून्य, इंजिन अतिशय सोशिक. पण बाजारात दिसलेल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन, बॉडी किंवा गिअरबॉक्स कधीतरी बदललेला होता आणि त्यातलं काहीच आरसीवर नव्हतं. दुसरी २०१० साली आलेली पहिली थार, सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाची. ताकद भरपूर, पण पुढचे हब व्हॅक्यूमवर लागतात. रबरी नळी चिरली की लिव्हर फोरमध्ये (चारही चाकांच्या ओढीत) जातो आणि पुढचं चाक ओढतच नाही. तिसरी मारुती जिप्सी, आणि तीच घेतली.

जिप्सी १९८५ साली ९७० सीसी इंजिनासह आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, कार्ब्युरेटरवर ६० अश्वशक्तीची. २००० पासून तेच इंजिन १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारं) होऊन ८० अश्वशक्तीचं झालं. हे इंजिन एस्टीमच्या घराण्यातलं असल्यामुळे त्याचे भाग अजून मिळतात. पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे, शिडीसारखी चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा), वजन एक टनाच्या आसपास. ओल्या जांभ्यावर आणि भिजलेल्या गवतावर हे हलकं वजन ताकदीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. जड गाडी जिथे रुतून बसते तिथून जिप्सी वरच्यावर निघते. मायलेज दहाच्या आसपास, बसायला कडक, पॉवर स्टिअरिंग नाही. रोजच्या शहरी वापराला ही गाडी मी कुणाला सुचवणार नाही.

कार्ब्युरेटर की एमपीएफआय? साधेपणा हवा तर कार्ब्युरेटर, असं वाटतं. पण पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट खातं, हवेतलं पाणी शोषतं, आणि गाडी पावसात महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीत गाळ धरतो. एमपीएफआयचे सेन्सर मोजकेच आहेत आणि चढणीवर तिरकी उभी असतानाही इंजिन एका लयीत चालतं. मी एमपीएफआयच्या बाजूने आहे.

गाडी शोधताना एक नियम पाळला: किनाऱ्यावरची गाडी घ्यायची नाही. रंग कितीही चकचकीत असो. सातारा, कोल्हापूर, सोलापूर अशी घाटावरची गाडी पाहायची. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण आतून कुजलेली चॅसिस कोकणात आणली की दोन पावसाळ्यांत ती पाट्यांच्या शॅकलपाशी (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणाऱ्या कडीपाशी) तुटते. समुद्रापेक्षाही वाईट म्हणजे मासळी वाहिलेली गाडी. हर्णैसारख्या बंदरावरून बांगड्याच्या टोपल्या आणताना बर्फाचं खारं पाणी मॅटखाली झिरपतं आणि तळाचा पत्रा आतून जातो. म्हणून मॅट उचलल्याशिवाय भावाची गोष्ट काढायचीच नाही.

तपासणीला छोटी हातोडी, जाड स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि लोहचुंबक पुरतात. गाडी खड्ड्यावर घ्यावी आणि चॅसिसवर वीतभर अंतराने ठोकत जावं. चांगल्या लोखंडाचा आवाज मोकळा येतो. आत चिखल आणि गंज साठला असेल तिथे आवाज बसका, मातीच्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा येतो. मागच्या शॅकलचे हँगर, मागचा क्रॉस मेंबर, बॉडी माउंटच्या खालचे कप आणि पुढच्या पाट्यांचे कंस या चार ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टेकवावा. पापुद्रा निघाला तर हरकत नाही, टोक आत गेलं तर गाडी सोडून द्यावी. बॉडीवर चुंबक फिरवावा. मागच्या चाकांच्या कमानी, दाराखालचा पत्रा आणि काचेच्या चौकटीचा खालचा काठ इथे तो चिकटला नाही तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पत्र्याचं काम होण्यासारखं असतं. हँगर कुजलेली चॅसिस मात्र घेऊच नये.

पुढच्या चाकांच्या आत अ‍ॅक्सलच्या टोकाला गोळा असतो, त्यावर नकल (चाकाला वळवणारा भाग) फिरतं. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर असणं ठीक. तेल ओघळत असेल तर आतला ऑइल सील गेला आहे: डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं) तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं आणि बाहेर पडतं. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवा सीलही महिन्याभरात फाटतो. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावं. खडखड झाली तर किंगपिन (नकल ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंग किंवा व्हील बेअरिंग. ब्रेक दाबून पुन्हा हलवलं आणि तरीही खडखड राहिली तर दोष किंगपिनचा. साठ-सत्तरच्या वेगाला खड्डा बसल्यावर स्टिअरिंग जे थडथडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गॅरेजवाले त्यावर स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतात. त्याने लक्षण दबतं, झीज तशीच राहते.

जिप्सीचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद देणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सला जोडलेला नसून वेगळा टांगलेला असतो. दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट, शिवाय पुढचा आणि मागचा. तीन शाफ्ट म्हणजे सहा क्रॉस. प्रत्येक हाताने पिळून पाहावा. ट्रान्स्फर केसची रबरं चिरलेली असतील तर लो गिअर (कमी वेगाचा, जास्त ओढीचा) चढणीवर निसटतो, आणि दोष गिअरचा समजून लोक केस उघडतात. आधी रबरं बदलावीत.

कागद मी गाडीइतकेच बारकाईने पाहिले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खासगी चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना पुढे आणखी वाढलं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे नोंदणी कधी संपते ती तारीख भाव ठरवण्यापूर्वी वाहन पोर्टलवर पाहून घ्यावी. संपलेली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याच्या नावावरच करून घ्यावं, मग हस्तांतर. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र, आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. विमा आणि पीयूसी चालू हवेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

आरटीओच्या तपासणीत गाडी अडते ती बहुधा चॅसिस नंबरवर. तो पेन्सिलने कागदावर उतरवून घेतात आणि गंजाने अक्षरं भरलेली असली की ठसा उठत नाही. ग्राइंडर किंवा वायर व्हील तिथे अजिबात लावू नये. अक्षरं पुसट झाली की नंबर खोडल्याचा संशय येतो. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर नंबरावर बांधून ठेवावं, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करावं, ठसा उठला की ग्रीसचा हात फिरवावा. दुसरी अडचण बॉडीची. आरसीवर सॉफ्ट टॉप आणि समोर हार्ड टॉप, किंवा टायर मापापेक्षा मोठे, असं असेल तर आधी मूळ रूपात आणावं. किंगचं टायरचं माप २०५/७० आर १५.

घाटावरून गाडी आणताना आंबा घाट उतरण्याआधी कोल्हापूरला थांबणं फायद्याचं. उद्यमनगरात लेथ, पाटे आणि वेल्डिंग एकाच गल्लीत होतं. बसलेल्या पाट्यांना तिथे कमान मारून घेतली, शॅकलचे बुश आणि सगळे यू-बोल्ट नवे घातले. जुना यू-बोल्ट पुन्हा आवळू नये, त्याचे आटे ताणलेले असतात.

मग तेलं. गिअरबॉक्सला १.३ लिटर, ट्रान्स्फर केसला ०.८, पुढच्या डिफरन्शियलला २, मागच्याला दीड. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल आणि डिफरन्शियलमध्ये जीएल-५. दोन्हीकडे जीएल-५ ओतलं तर गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो. तेल काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहावं. खालून तेल सांडून मोकळं झालं आणि वरचा बोल्ट गंजून बसला असेल तर गाडी जागच्या जागी अडकते. डिफरन्शियलचं तेल बोटावर घेतलं आणि ते दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलं आहे. कारण ब्रीदर (हवा आत-बाहेर होण्याचं भोक): अ‍ॅक्सल तापलेला असताना गाडी पऱ्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरना तेल सोसणारी नळी जोडून ती बोनेटच्या आत आणि मागच्या बॉडीत उंचावर बांधली. खर्च किरकोळ, आणि कोकणात जिप्सीवर करायचं पहिलं काम हेच.

पुढचे दोन्ही नकल उघडले. किंगपिनची चार बेअरिंग, गोळ्याचे सील, आतले ऑइल सील, सगळं एकदमच बदललं. बेअरिंग किती आवळायचं ते शिम (पातळ चकत्या) ठरवतात. गोळ्याचा सील न बसवता नकलला स्प्रिंगकाटा लावून ओढायचं, १ ते १.८ किलोच्या दरम्यान ते फिरायला लागलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी हे हाताच्या अंदाजाने करतात आणि म्हणूनच थडथड परत येते. काटा घेऊन मी शेजारी उभा राहिलो, एका बाजूचा एक शिम काढावा लागला.

थर्मोस्टॅट आहे की नाही तेही पाहावं. गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. एमपीएफआयमध्ये मग इंजिन कधी पूर्ण तापत नाही, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल जास्तच सोडत राहतो आणि मायलेज सातावर येतं. रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर न बदललेला समजावा. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. बॅटरीची आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी सोडवून, घासून, व्हॅसलिन लावून परत कसावी. अर्धे विद्युत बिघाड तिथेच मिटतात. या सगळ्यासाठी गाडीच्या किमतीचा पाव भाग बाजूला ठेवावा. तेवढा राखता येत नसेल तर स्वस्तातली गाडी घ्यावी, पण ही कामं टाळू नयेत.

गंजासाठी पावसाळ्यापूर्वी चॅसिसला जळकं ऑइल मारायची रीत जुनी आहे. लोखंड वाचतं हे खरं, पण पाट्यांचे आणि बॉडीचे रबरी बुश फुगून मऊ पडतात आणि ते ऑइल पावसाबरोबर विहिरीच्या वाटेला लागतं. चॅसिस आधी आतून धुवावी. कंप्रेसरच्या नळीने पाणी सोडलं की बाजूच्या भोकांतून तांबड्या मातीचा लगदा बाहेर येतो, पहिल्या वेळी घमेलंभर निघाला. चार दिवस उन्हात सुकवून उघड्या भागावर गंज-रूपांतरक, मग झिंक प्रायमर, मग रंग, आणि पोकळ भागात मेणाचा फवारा. हे मेमध्येच करायचं. दमट हवेत प्रायमरखाली ओल अडकते आणि रंग फोड येऊन सुटतो.

चालवताना ध्यानात ठेवायचं ते असं. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर फोरमध्ये वळू नये. पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडतात, लिव्हर अडकतो आणि क्रॉस तुटतो. हबवर फ्री-लॉकची चकती असेल तर जून ते सप्टेंबर ती लॉकवरच ठेवावी, एरवीही महिन्यातून एकदा पाच-सात किलोमीटर लॉकमध्ये फिरवावी, म्हणजे आतले भाग जाम होत नाहीत. लो गिअर गाडी थांबवूनच टाकावा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या ओल्या उतारावर लो आणि पहिला गिअर टाकला की ब्रेकला हात लावावा लागत नाही. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) गाडी घालू नये. भरतीच्या पाण्यात अडकली तर लाटेबरोबर आलेली वाळू ब्रेक ड्रममध्ये आणि हबमध्ये शिरते. किनाऱ्याच्या रस्त्याने फिरून आल्यावर त्याच संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने खालून धुवावी, मागच्या शॅकलपाशी नळी दोन मिनिटं जास्त धरावी, आणि मॅट रात्रभर उलटी टाकून ठेवावी.