लस नाही, तर वर्गात प्रवेश नाही

कॅलिफोर्नियात मुलांना शाळेत घालताना बाकीचा एखादा कागद ‘उद्या आणून देते’ म्हटलं तर चालून जातं. लसीकरणाच्या कार्डाचं तसं नाही. आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या बाई कार्डावरची एकेक तारीख बोटाने तपासतात आणि निळ्या फॉर्मवर उतरवून घेतात. पोलिओचे डोस, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचे पाच, कावीळ-बीचे तीन, गोवर-गालफुगी-रुबेलाचे दोन, कांजण्यांचे दोन. ठरलेला डोस राहिला असेल तर तो घेतल्याशिवाय मूल वर्गात बसत नाही.

ही सक्ती पूर्वीही होती, पण तिला मोठी पळवाट होती. ‘आमच्या वैयक्तिक श्रद्धेत लस बसत नाही’ असं आईवडिलांनी लिहून दिलं की सूट मिळायची. सुशिक्षित, सधन वस्त्यांतल्या काही शाळांत अशी सूट घेणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. २०१० साली डांग्या खोकल्याची साथ आली, ९ हजारांहून जास्त रुग्ण झाले आणि १० तान्ही बाळं गेली. मग डिसेंबर २०१४ मध्ये अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला. राज्यात शंभराहून जास्त जणांना लागण झाली. त्यांत लस घेण्याचं वयही न झालेली बाळं होती.

सॅक्रामेंटोचे तेव्हाचे राज्य सिनेटर रिचर्ड पॅन स्वतः बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि सिनेटर बेन अ‍ॅलन यांनी मिळून ‘एसबी २७७’ हे विधेयक आणलं. विधानभवनाबाहेर निदर्शनं झाली, सुनावणीला आईवडिलांच्या रांगा लागल्या. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी ३० जून २०१५ रोजी सही केली आणि वैयक्तिक श्रद्धेची सूट गेली. राहिली ती फक्त वैद्यकीय सूट. घरीच शिकणाऱ्या मुलांना मात्र हा कायदा लागू नाही. म्हणजे जबरदस्तीने कुणाला सुई टोचत नाहीत. पण लस न घेता तीस मुलांच्या वर्गात येऊन बसता येणार नाही, इतकंच कायदा सांगतो. मला हे पूर्णपणे न्याय्य वाटतं. त्याच वर्गात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारं एखादं मूल असू शकतं. त्याला गोवर-कांजण्यांसारख्या लसी देता येत नाहीत, आणि आजूबाजूच्यांनी घेतलेली लस हेच त्याचं संरक्षण असतं.

गोवर इतका झपाट्याने पसरतो की तो रोखायला साधारण ९५ टक्के मुलं सुरक्षित असावी लागतात. कायद्याआधी किंडरगार्टनमध्ये सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं जेमतेम ९० टक्के होती. २०१६-१७ मध्ये हा आकडा ९५च्या वर गेला. जनजागृतीची पोस्टरं वर्षानुवर्षं लागत होतीच. फरक पडला तो पळवाट बुजवल्यावर.

अर्थात नवी पळवाट निघाली. काही डॉक्टर वैद्यकीय सूट देणारी पत्रं सढळ हाताने देऊ लागले. तेव्हा २०१९ मध्ये आणखी एक कायदा झाला. एका वर्षात पाच किंवा त्याहून जास्त वेळा सूट देणाऱ्या डॉक्टरची पत्रं आता राज्याचा आरोग्य विभाग तपासतो. त्याच वर्षी पॅन यांना भर रस्त्यात एका विरोधकाने ढकललं होतं. तरीही ते मागे हटले नाहीत, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे सीमा ओलांडली की नियम बदलतो. टेक्ससमध्ये २००३ पासून ‘सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही’ एवढ्या कारणावर सूट मिळते. २०२५ मध्ये तिथल्या पश्चिम भागात गोवराची साथ आली, ७६२ रुग्ण झाले आणि लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुलं दगावली. दोन्ही राज्यांत लस तीच, डॉक्टरही तशाच शिक्षणाचे. फरक कायद्याचा आहे.

लहान मुलांना घेऊन इकडे यायची तयारी करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आपल्याकडे तान्ह्या वयातच गोवराचा धोका असल्यामुळे ते योग्यच आहे. पण कॅलिफोर्निया पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाही. शिवाय त्या लसीत गालफुगी नसते आणि कांजण्यांची लस सरकारी यादीत नाही. त्यामुळे निघण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना इथली यादी दाखवा, जमतील ते डोस तिथेच घ्या आणि सही-शिक्क्याचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. तारखेत महिना अक्षरांत लिहून घ्या. इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ४/९ म्हणजे ४ सप्टेंबर ऐवजी ९ एप्रिल वाचलं जातं आणि वेळेवर घेतलेला डोसही वाढदिवसाआधीचा ठरू शकतो.