हलवू नकोस

ओव्हन वापरायचा म्हटलं की आमच्याकडे आधी तो रिकामा करावा लागतो. काही वर्षांपूर्वी बायकोनं भिशीच्या पैशांतून हा ओटीजी घेतला. पहिल्या दिवाळीत नानकटाई झाली, मग दोन केक झाले, त्यातला एक मधोमध बसला, आणि त्यानंतर कधीतरी त्यात झाकणं राहायला आली. कुकरच्या डब्यांची, दुधाच्या पातेल्याचं, एक पितळी, एक कुठल्याच भांड्याला न बसणारं. परवा दुपारी मी ती सगळी बाहेर काढली. मोजून अकरा होती.

बायको जळगावला बहिणीकडे गेली होती, म्हणून ही हिंमत. बुधवार होता. सकाळच्या पेपरात नेहमीप्रमाणे निफाडचा पारा पहिल्या पानावर. थंडी आमच्याकडेही पडते, पण कौतुक निफाडचं. उन्हं वर आल्यावर गंगेवरच्या (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजारात गेलो आणि लाल भोपळ्याची एक फोड, दोन बीट, पाव किलो रताळी, कांदे आणि एक लाल, एक पिवळी अशा दोन ढोबळ्या मिरच्या घेऊन आलो. भाजीवाल्या मावशींनी पिशवीत डोकावून "पाहुणे आलेत का काका?" असं विचारलं. एका माणसाच्या घरात रंगीत मिरची जात नाही, हा त्यांचा अनुभव असणार.

हे सॅलड मी पहिल्यांदा खाल्लं गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागांमधल्या एका हॉटेलात. भाच्याचा वाढदिवस होता. भाजलेल्या भाज्या, वर पांढऱ्या चीजचे तुकडे, अक्रोड आणि चारशे ऐंशी रुपये. भोपळ्याच्या फोडी सहा होत्या. मी मोजल्या म्हणून भाचा ओशाळला. पण माझं खरं लक्ष गेलं होतं ते हॉटेलच्या दाराशी. तिथे तांब्याचा बंब ठेवला होता, चिंच-मीठ लावून लख्ख घासलेला, आणि त्याच्या धुराड्यात वाळलेल्या गवताचे तुरे खोचलेले. मी त्यासमोर जरा जास्त वेळ उभा राहिलो, तर भाच्याला वाटलं मामाला फोटो काढून हवाय. काढला त्यानं. आहे फोनमध्ये.

असो. भाज्या चिरल्या, तेल-मीठ चोळलं, ट्रेमध्ये पसरल्या आणि पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवला. तिनं ट्रे बघितला आणि म्हणाली, "बाबा, अरे केवढी गर्दी!" खरं होतं. पर्वणीच्या दिवशी रामकुंडात माणसं असतात तशा फोडी बसल्या होत्या. तिचं म्हणणं, निम्म्या काढ. भाजीत पाणी असतं, ते बाहेर पडत असेपर्यंत फोडीचा वरचा थर काही शंभर अंशांच्या पुढे जात नाही. तो कोरडा झाला की मग चढतो, आणि एकशेचाळीसच्या आसपास कुठेतरी तो तपकिरी खरपूसपणा यायला लागतो ज्याचे हॉटेलवाले पैसे घेतात. दाटीनं ठेवल्या तर सगळ्या एकमेकींच्या वाफेत उकडतात, भाजत नाहीत. निम्म्या काढल्या. दोनशे अंश, पस्तीस मिनिटं. टायमरची कळ पिळली की ती अलार्मच्या जुन्या घड्याळासारखी टिकटिकायला लागते.

आणि इथून माझे हाल सुरू झाले.

मला हलवल्याशिवाय स्वयंपाक करता येत नाही. उलथनं हातात नसलं की आपण काही करतोय असं वाटत नाही. पोहे मी इतके परततो की बायको त्याला पोह्यांचा रवा म्हणते. चहा उकळतानासुद्धा मी ढवळतो, त्यानं काय होतं ते मला माहीत नाही. त्यामुळे सातव्या मिनिटाला मी ओव्हनचं दार उघडलं.

"बाबा, हलवू नकोस."

"नुसतं बघत होतो."

"काचेतून बघ ना. काच कशाला दिलीय?"

मुलगी मला अरे-तुरे करते. मी माझ्या वडिलांना जन्मभर अहो-जाहो केलं, आणि उलट बोलायची सगळी हौस आजीवर भागवली. काचेतून बघण्यासाठी मांडी घालून जमिनीवर बसलो. काच तेलकट होती. आत कांद्याच्या पाकळ्या कडेनं कुरळ्या व्हायला लागल्या होत्या आणि भोपळ्याच्या एका फोडीच्या कोपऱ्यावर बारीक बुडबुडे येऊन फुटत होते, येऊन फुटत होते. तेवढ्यात वास आला. भाजल्या कांद्याचा, कडेनं करपू लागलेल्या.

हा वास मला ओव्हनमधून येणं काही बरोबर वाटेना. तो न्हाणीघरातून यायला हवा.

जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ आमचा वाडा होता. न्हाणीघराच्या दाराशी बंब, तांबट आळीतून घडवून आणलेला, असं आजी सांगायची. अंघोळींचा क्रम ठरलेला होता: आजोबा, वडील, काका, मग बायका, आणि शेवटी आम्ही पोरं. माझा नंबर येईपर्यंत ढलप्या जळून जायच्या, पाणी कोमटाच्याही खाली यायचं आणि खालच्या जाळीत नुसता फुफाटा उरायचा. अंघोळीला वाईट वेळ, पण रताळ्यांना त्याच्यासारखी वेळ नाही. आजी पदरानं चिमटा धरून दोन रताळी, एखादं वांगं आणि एक सालासकट कांदा त्या राखेत ढकलायची आणि देवपूजेला बसायची. तिची पूजा हाच टायमर. अथर्वशीर्ष संपेपर्यंत रताळं झालेलं असायचं.

मी ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून, बंबासमोर उकिडवा बसायचो. तोटीतून पाणी ठिबकायचं आणि खालच्या दगडावर टप् टप् आवाज व्हायचा. समोर थंड, पाठ थंड, फक्त गुडघे भाजतायत. आणि हातात छत्रीची एक जुनी काडी. तिनं मी ते रताळं टोचायचो, फिरवायचो, बाहेर ओढायचो, परत आत लोटायचो. एकदा इतकं टोचलं की त्याचा राखेतच भुगा झाला. आजीनं पूजेतूनच बघितलं. मधे बोलायचं नाही असा तिचा नेम, पण त्या दिवशी मोडला. म्हणाली, "उकरू नको रे सारखं. झोपू दे त्याला."

मला वाटायचं, मी काहीतरी केल्याशिवाय ते भाजेल कसं?

कांदा ती स्वतः काढायची. वरची काळी सालं बोटांनी झाडून, पाटावर ठेवून एक बुक्की. त्याबरोबर आतून भस्सकन वाफ यायची आणि पाकळ्या मऊ, जरा गुलाबी, जरा पिवळट, पाघळलेल्या. वर मीठ, तिखट, दाण्याचं कूट, कच्च्या तेलाची धार. भाकरीबरोबर.

आता इथे कुणीतरी म्हणणार, की मग हेच तर ते सॅलड! आमचे काका अगदी असेच होते. त्यांना कुठलाही परदेशी पदार्थ दाखवा, ते डोळे मिटून म्हणायचे, "हे आपल्याकडे होतंच." पिझ्झा म्हणजे उत्तप्पा, पास्ता म्हणजे शेवया, सूप म्हणजे सार. मला या वाक्याचा मनस्वी कंटाळा आहे. आजीचा कांदा हे सॅलड नव्हतं. तो भाकरीशी लावून खायचा कांदा होता. आणि काकांना कुणी सांगितलं नाही की त्या फुफाट्यातलं रताळं, वरचं दाण्याचं कूट, तिखटातली मिरची, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, तिकडून जहाजानं आलेली. आजीच्या एकादशीच्या ताटात तर बटाटा, रताळं, दाणे, मिरची असे सगळे पाहुणेच बसायचे. काकांना हे सांगायला हवं होतं, पण ते ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. मीही सांगणाऱ्यांतला नव्हतो म्हणा.

चीजचं सांगायचं राहिलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत मी "फेटा आहे का?" असं विचारलं, तर गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "लग्न कुणाचं काका?" फेटा म्हणजे ग्रीकमध्ये काप, तुकडा. ग्रीक लोक या नावासाठी डेन्मार्क आणि जर्मनीशी कोर्टात भांडले. 2002 मध्ये युरोपीय संघानं ते नाव ग्रीसच्या पदरात घातलं आणि 2005 मध्ये कोर्टानंही त्यावर शिक्का मारला. मेंढीचं दूध निदान सत्तर टक्के, बाकी शेळीचं, तेही तिथलंच, तरच फेटा म्हणायचं. नावासाठी एवढं भांडण मला आवडलं. आपल्याकडे लासलगावच्या कांद्यालाही भौगोलिक मानांकन आहे. माझ्या ट्रेमधला कांदा कुठला होता ते मात्र मी मावशींना विचारलं नव्हतं.

शेवटी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात खाऱ्या पाण्यातला एक पांढरा ठोकळा मिळाला. गाईच्या दुधाचा, म्हणजे ग्रीकांच्या हिशोबानं तोतया. बोटानं दाबला की चुरा होतो. जिभेवर आधी मीठ, मग आंबट, आणि मग उशिरानं दूध. नुसतं खाल्लं तर तोंड वाकडं होतं. पण भोपळ्याच्या गोडाबरोबर ते असं काही जुळतं की भाच्याच्या वाढदिवसाचे चारशे ऐंशी रुपये मी मनातल्या मनात माफ केले. ते भाजायला आत घालायचं नसतं, भाज्या गरम असताना वरून कुस्करायचं.

टायमर 'टिंग' झाला. मधे मी दार आणखी दोनदा उघडलं होतं, तेव्हा पोरगी फोनवर नव्हती. भाज्या बाहेर काढल्या, आच एकशेसत्तरवर आणली आणि अक्रोड आत ठेवले, आठ मिनिटांसाठी. अक्रोड भाजले की त्यांच्या सालीचा तुरटपणा जरा उतरतो. इतक्यात मुलगी परत फोनवर आली. मी तिला बंबाचं सांगायला लागलो. ढलप्या, तोटी, छत्रीची काडी, सगळं. तिला मजा वाटली. मग तिनं विचारलं, "मग तो बंब आता कुठंय?"

वाडा बिल्डरला दिला तेव्हा घरातल्या सगळ्या गोष्टींच्या वाटण्या झाल्या. पाट, फडताळ, पितळी डबे, आजीचा देव्हारासुद्धा. बंब एकच होता आणि भाऊ दोन. वडील म्हणाले मला हवा, काका म्हणाले मलाही. दोघांच्याही नव्या फ्लॅटमध्ये गीझर होता. चार महिने तो बंब रिकाम्या वाड्यात तसाच उभा होता. शेवटी भांडी बाजारात मोडीत दिला. वजनकाट्याशी मीच उभा होतो. साडेनऊ किलो. पैशांचे दोन समान भाग केले, चिल्लरसकट. त्यानंतर वडील आणि काका एकमेकांशी बोलले नाहीत. सहा वर्षं, म्हणजे वडील होते तोवर. काका दहाव्याला आले होते. लांब उभे होते. मी जाऊन बोलायला हवं होतं. गेलो नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. नुसतं "मोडीत गेला" म्हणालो. ती गप्प झाली, मीही झालो, आणि आम्ही दोघंही थोडा वेळ आपापल्या पडद्याकडे बघत राहिलो.

"बाबा," ती म्हणाली, "धूर कसला?"

जे हलवायचं नव्हतं ते मी तीनदा हलवलं होतं आणि ज्याच्याकडे बघायचं होतं ते विसरलो होतो. अक्रोड काळे ठिक्कर. एक चावून बघितला, कडूजहर. दोनशे रुपयांचे अक्रोड कुंडीत टाकले आणि डब्यातले दाणे काढले. दाणे मला भाजता येतात, कारण ते सारखे हलवावे लागतात. लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत. गार झाल्यावर हातावर चोळले आणि गॅलरीत उभं राहून फुंकर मारली. टरफलं उडून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर गेली. मी आत आलो.

सॅलड बरं झालं. कांदा उत्तम, भोपळा छान, मिरचीचं साल सुटून लोंबत होतं पण चव होती. बीट मात्र कच्चं राहिलं. ते बारीक चिरायला हवं होतं, किंवा आधी आत घालायला. वर लिंबू पिळलं, मिरपूड घातली, चीज कुस्करलं. चार घास झाल्यावर भूक भागेना, म्हणून कुकर लावला आणि वरण-भाताबरोबर तोंडी लावणं म्हणून उरलेलं संपवलं. पोरीला फोटो पाठवला तो भाताच्या आधीचा.

शुक्रवारी संध्याकाळी बायको आली. दारातच तिनं नाक उडवलं, पण काही बोलली नाही. येताना भरिताची वांगी घेऊन आली होती, पिशवीभर, हिरवीगार. मग स्वयंपाकघरात गेली, दूध तापवलं आणि तिथूनच हाक मारली, "अहो, ओव्हनमधली झाकणं कुठे ठेवलीत?"

दहा सापडली. वॉशिंग मशीनवर होती, वर्तमानपत्राखाली. दुधाच्या पातेल्याचं काही केल्या सापडत नाहीये. सध्या त्यावर ताटली आहे.