कडबनवाडीचा माळ, हंगाम तिसरा: मादी भोवत्या ओळखू येऊ लागली

मागच्या दोन हिवाळ्यांची वही उघडली की एकच नोंद पुन्हा पुन्हा दिसते: ‘भोवत्या, मादी, जात कळली नाही.’ भोवत्या म्हणजे हिवाळ्यात इकडे येणारा, गवतालगत उडत शिकार करणारा शिकारी पक्षी. यंदा ठरवलं, इंदापूर तालुक्यातल्या या माळावर जायचं ते तेवढ्याचसाठी. माँटेग्यू आणि पॅलिड या भोवत्याच्या दोन जाती; त्यांतल्या माँटेग्यूची मादी कुठली आणि पॅलिडची कुठली, हे छातीठोक सांगता आलं पाहिजे.

नरांचं सोपं असतं. माँटेग्यूच्या नराच्या करड्या पंखावर वरून एक काळी रेघ दिसते. पॅलिडचा नर जवळजवळ पांढराच, पंखांच्या टोकांना तेवढी काळी पाचर. माद्या मात्र दोन्हींच्या तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, आणि उडताना दोघीही पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून गवतावरून तरंगत जातात.

जानेवारीतला रविवार. उजाडताना पोचलो तेव्हा कुसळी गवत वाळून पिवळंजर्द झालं होतं. दहा पावलांत मोजे कुसळांनी भरले. (पोटऱ्यांवर चढवायचे गेटर घाला, मी तिसऱ्या वर्षीही विसरलो.) वाटेकडेच्या बाभळीच्या शेंड्यावर कापशी, म्हणजे छोटी घार, बसली होती. ती उडून गेल्यावर झाडाखाली पाहिलं तर अंगठ्याच्या पेराएवढी, करड्या केसांची एक वाळलेली गोळी. न पचलेलं ती असं ओकून टाकते. काडीने उकलली. केसांच्या गुंत्यात उंदराच्या जबड्याचा अर्धा भाग, पिवळट पुढचा दात अजून त्यात रुतलेला. गवत, उंदीर, कापशी असा सगळा माळ तळहातावर होता.

दुपार मोकळीच गेली. एक सापमार गरुड बराच वेळ एका जागी पंख मारत हवेत थांबला, खाली झेपावला आणि रिकाम्या पायांनी वर गेला.

खरं काम संध्याकाळी. भोवत्ये झाडावर रात्र काढत नाहीत, जमिनीवर गवतातच उतरतात. मेंढरं घेऊन परतणाऱ्या एका मामांनी हात करून दाखवलं, “तिकडच्या उंच गवतात बसत्यात बघा. आमी मेंढरं तिकडं न्हेत न्हाय.” त्यांचं ऐकून मीही चांगला दोनशे पावलं मागे बसलो. रातथाऱ्यावर पाखरं उठवणं म्हणजे थकल्या जिवाची झोपमोड करणं. कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ मैदानांतून येतात ही.

सहाच्या आसपास पहिली मादी आली, सूर्य माझ्या पाठीशी. या वेळी पंख, शेपूट काही पाहिलं नाही, फक्त मान. डोळ्यामागे गालावर गडद डाग आणि त्याच्यामागे मफलर गुंडाळावा तशी स्पष्ट फिकट पट्टी. पॅलिड! पुढचीला ती पट्टी नव्हती. ती वळली तेव्हा पंखाच्या मागच्या भागाची खालची बाजू दिसली, फिकट आणि त्यावर ठळक आडवे पट्टे. पॅलिडचा तोच भाग गडद, मळकट दिसतो. म्हणजे ही माँटेग्यू.

अंधार पडेपर्यंत नऊ उतरले: माँटेग्यूचे नर दोन, मादी एक, पॅलिडच्या माद्या दोन, उरलेले चार पुन्हा ‘कळली नाही’. त्या चारांतली काही यंदाची पिल्लं असणार, कारण पोट तांबूस होतं. पिल्लांची मानेची पट्टी आणि प्रौढ मादीची यांत माझा अजून गोंधळ होतो.

एक गोष्ट मनाला लागली. माळाच्या एका कडेला खड्डे खणून रांगेने रोपं लावली आहेत. गवताला ‘पडीक’ म्हणायची ही सवय सुटत नाही. झाडं दाट झाली की जमिनीलगत शिकार करणाऱ्या या पक्ष्याला तिथे जागा उरत नाही. त्या रोपांच्या ओळींवर तासाभरात एकही भोवत्या फिरकला नाही.

मार्च-एप्रिलमध्ये ते परत निघतात. त्याआधी दोन फेऱ्या करायच्या आहेत, फक्त तांबूस पोटाच्या पिल्लांसाठी.