खाली जाणारा आरसा

माझ्या ब्रॉनिका एस-२ या जुन्या जपानी फिल्म कॅमेऱ्याचं बटण दाबलं की 'खट्टाक्' असा आवाज येतो, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका मोठा. आई अजूनही हमखास दचकते. तो आवाज मुख्यतः आरशाचा. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात लेन्समधलं दृश्य आरसा वरच्या फोकसच्या काचेवर दाखवतो, आणि फोटो काढताना बहुतेकांत तो वर उचलला जातो. यात तो खाली घसरत तळाशी आडवा होतो आणि फोटो निघाला की लगेच जागेवर येतो. वरची वाट मोकळी राहत असल्यामुळे लेन्सचा मागचा भाग आत खोलवर घुसू शकतो. निकॉनने या कॅमेऱ्यासाठी केलेली ५० मि.मी.ची वाइड लेन्स त्यामुळेच तर बसते.

हे ज्याच्या ध्यासातून आलं, त्या झेन्झाबुरो योशिनोचं टोकियोत कॅमेऱ्यांचं दुकान होतं. हातात येणाऱ्या परदेशी कॅमेऱ्यांतल्या उणिवा त्याला सलायच्या. मग त्याने कारखाना काढला, पण कॅमेऱ्यांचा नव्हे. सिगारेटचे लायटर आणि बायकांच्या पावडरच्या डब्या बनवून विकल्या आणि तो पैसा वर्षानुवर्षं कॅमेऱ्याच्या नमुन्यांत ओतला. मला या माणसाबद्दल फार माया वाटते ती इथे. मार्च १९५९ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्रॉनिका झेड लोकांसमोर आला. योशिनोच्या नावातलं 'झेन्झा' आणि या कॅमेऱ्यात लागणाऱ्या १२० च्या रुंद रोल-फिल्मला जपानात म्हणतात ते 'ब्राउनी', यांतून कंपनीचं नाव झालं झेन्झा ब्रॉनिका.

एस-२ आला १९६५ मध्ये. माझा मी जुन्या बाजारातून घेतला. पहिल्या रोलवर आई मटार सोलत बसलेली. फोकस नीट तिच्या डोळ्यांवर धरला होता, पण निगेटिव्ह धुतली तर डोळे धूसर आणि मांडीवरच्या ताटातला दाणा न् दाणा लख्ख! बाराही फ्रेममध्ये तेच. लेन्सला दोष देण्याआधी वरचा व्ह्यूफाइंडर काढला. फोकसची काच ज्या फोमच्या पट्ट्यांवर टेकते, त्यांचा काळा चिकट भुगा झाला होता. काच खाली बसलेली, म्हणून डोळ्याला दिसणारा फोकस आणि फिल्मवरचा फोकस यांत फरक. जुन्या ब्रॉनिकांना हा आजार असतोच. भुगा काडीने खरवडला, नव्या पट्ट्या कापून घातल्या. उघड्या शटरमागे, फिल्मच्या जागी घासलेली काच धरून, दोन्हीकडचा फोकस जुळेपर्यंत चार वेळा त्यांची जाडी बदलली.

१९७६ च्या ईटीआर या ब्रॉनिकापासून शटर कॅमेऱ्यातून लेन्समध्ये गेलं आणि खाली जाणारा आरसा हळूहळू इतिहासजमा झाला. योशिनो १९८८ मध्ये वारला. १९९८ मध्ये कंपनी टॅमरॉन या लेन्स बनवणाऱ्या कंपनीत विलीन झाली, २००५ मध्ये ब्रॉनिका बनणंच थांबलं.

दुसऱ्या रोलच्या आठव्या फ्रेममध्ये आईच्या चष्म्याच्या काचेत आमच्या खिडकीचे गज मोजता येतात. पाच आहेत.